जुन्या पिकअपचं ऑईल गळतंय, इंजिन आवाज करतंय? आधी दुखणं ओळखा, मग इंजिन खोला

आपल्याकडे कितीतरी घरांची चूल एका पिकअपवर पेटते. कुणी कोकणातून मासळी आणतो, कुणी वाशीच्या किंवा नाशिकच्या मार्केटमधून फळं-भाजी भरतो, कुणी भंगार, फर्निचर, मंडपाचं सामान वाहतो. गाडी बहुतेक वेळा नवीकोरी नसते. दहा-बारा वर्षांची टाटा २०७, बोलेरो पिकअप किंवा छोटा हत्ती असतो, दोन-तीन हात फिरून आलेला. अशा गाडीखाली एके सकाळी काळा डाग दिसतो किंवा इंजिनातून ‘टक टक’ ऐकू येते, आणि गॅरेजमध्ये कुणीतरी म्हणतं, “भाई, इंजिन खोलावं लागेल.” या तीन शब्दांनी घराचं महिन्याचं गणित कोसळतं.

खरं तर पुष्कळदा दुखणं लहान असतं. एखादं पॅकिंग, एखादा पाईप, एखादं ऑईल सील. पण कधी उलटही होतं. लहान आवाज म्हणून महिनाभर दुर्लक्ष केलं जातं आणि भर रस्त्यात कनेक्टिंगचं बेअरिंग उडतं. म्हणून जुन्या डिझेल पिकअपमध्ये ऑईल कुठून जातंय आणि आवाज कशाचा आहे, हे मालकाने किंवा ड्रायव्हरने स्वतः कसं तपासायचं, याची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत. दुरुस्ती उस्तादच करणार आहे. पण त्याच्याकडे जाताना आपल्याला दुखणं नीट सांगता आलं, तर पैसा आणि वेळ दोन्ही वाचतात.

हात लावण्याआधी

गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना ओट लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. खाली स्टँड किंवा मजबूत लाकडी ठोकळे हवेतच. स्टेफनीही खाली सरकवून ठेवली तर आणखी बरं. इंजिन चालू असताना रुमाल, सैल बाही, ओढणी, लटकणारी किल्ली फॅनपासून लांब ठेवा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नव्या पद्धतीच्या, म्हणजे कॉमन रेल इंजिनात डिझेलच्या पाईपात हजार बारच्याही वर दाब असतो. आपल्या टायरमधली हवा जेमतेम ४-५ बारची असते, यावरून अंदाज करा. असा पाईप चालू इंजिनावर सैल केला किंवा गळती हाताने चाचपली तर डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते. वरून फक्त सुईएवढी खूण दिसते, पण आत बोट किंवा हात सडू शकतो. असं झालं तर मलम लावून बसू नका, ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात जा.

गळतंय ते ऑईलच आहे का?

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा किंवा जुनी वर्तमानपत्रं पसरा. पुढच्या चाकांच्या जागी पेनाने खूण करा, म्हणजे डाग कोणत्या भागाखाली पडला ते कळेल. सकाळी डाग बघा, बोटाने चोळा, वास घ्या. चव मात्र घेऊ नका.

- काळं, बुळबुळीत, इंजिनाच्या खाली: इंजिन ऑईल. डिझेल इंजिनात ऑईल काळं होणं नेहमीचंच आहे. नुसत्या रंगावरून ते खराब झालं असं समजू नका.
- घट्ट, पिवळट किंवा तपकिरी, गंधकासारखा उग्र वास: गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियलचं ऑईल.
- लालसर, पातळ: बहुधा पॉवर स्टिअरिंगचं ऑईल.
- हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी, गोडसर वास: कुलंट. हे विषारी असतं, मुलं आणि जनावरं त्यापासून लांब ठेवा.
- पातळ, पटकन पसरणारं, रॉकेलसारख्या वासाचं: डिझेल.
- पातळ, पिवळसर, चाकाजवळ किंवा ब्रेकच्या मास्टर सिलिंडरखाली: ब्रेक ऑईल. अशी गाडी हलवायचीच नाही.

चाकाच्या आतल्या बाजूने घट्ट ऑईल ओघळलेलं दिसलं तर तेही गंभीर समजा. मागच्या हबचं ऑईल सील गेलं की गिअर ऑईल थेट ब्रेक लायनरवर जातं, आणि भरलेली गाडी घाटात थांबत नाही.

किती गळतं, याचा हिशोब

‘थोडंसं गळतं’ म्हणजे किती? साधारण २० थेंबांचं १ मिलिलिटर होतं. मिनिटाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला १,४४० थेंब, म्हणजे ७२ मिलिलिटर. महिन्याला २ लिटरच्या वर. चालू इंजिनात ऑईल दाबाखाली असतं, त्यामुळे रस्त्यावर ते याहून जास्त जाऊ शकतं. बऱ्याच इंजिनांच्या डिपस्टिकवर खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एका लिटरचाच फरक असतो. म्हणजे दोन आठवडे न बघता चालवलं तर गाडी धोक्याच्या रेषेखाली गेलेली असू शकते.

डिपस्टिक बघायची रीतही नीट पाळा. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. काडी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढून बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेच्याही वर भरलं तर फायदा नाही, नुकसान आहे. क्रँक ऑईलमध्ये आपटून फेस होतो, दाब पडतो आणि सीलवर ताण येतो.

गळती नेमकी कुठून?

ऑईल वरून गळतं आणि खाली दिसतं. गाडी चालताना वारा ते मागे ढकलतो. म्हणून जिथे थेंब लटकतोय तिथेच दोष असेल असं नाही. चेंबर ओलं दिसलं म्हणून चेंबरचं पॅकिंग बदललं आणि गळती तशीच राहिली, हे गॅरेजमध्ये नेहमी घडतं. नियम साधा आहे: ओल्या भागातली सर्वात वरची आणि सर्वात पुढची जागा शोधा.

त्यासाठी इंजिन आधी थंड असताना धुवून कोरडं करा. डायनामो, सेल्फ आणि वायरिंगवर प्लास्टिक बांधा, तिथे पाण्याचा जोरदार फवारा मारू नका. मग संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा आणि टॉर्चने बघा. पांढऱ्या पावडरवर ऑईलची पहिली रेघ जिथून सुरू होते, तिथे दोष.

वरून खाली या क्रमाने या जागा बघा:

१. टॅपेट कव्हरचं पॅकिंग. जुन्या गाडीत सगळ्यात जास्त गळती इथून होते. ऑईल सायलेन्सरच्या गरम भागावर पडलं तर जळका वास आणि धूर येतो. पॅकिंग स्वस्त, काम सोपं. बोल्ट मात्र जोर लावून आवळू नका, कव्हर वाकतं आणि गळती वाढते.

२. ऑईल भरायचं झाकण आणि ब्रीदरचा पाईप.

३. टर्बोला ऑईल नेणारा आणि परत आणणारा पाईप.

४. डायनामोच्या मागचा व्हॅक्यूम पंप. आपल्याकडच्या अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरसाठी लागणारा व्हॅक्यूम इथे तयार होतो आणि त्या पंपाला इंजिनचंच ऑईल मिळतं. त्याचा रबरी पाईप तडकला तर ऑईल झपाट्याने जातं. पंप बिघडला तर ब्रेक पेडलही कडक होतं. ऑईल डायनामोत शिरलं तर चार्जिंग बंद पडतं. एका पाईपने तीन दुखणी.

५. ऑईल प्रेशरचा स्विच. छोटी वस्तू, पण तिच्या टोकातून ऑईल झिरपतं.

६. ऑईल फिल्टर. सर्व्हिसिंगनंतर लगेच गळती सुरू झाली तर आधी इथेच बघा. जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनालाच चिकटून राहते, वर नवा फिल्टर बसवला की दोन रिंगा होतात आणि ऑईल पिचकारीसारखं उडतं.

७. पुढचं क्रँक सील, पुलीच्या मागे. इथलं ऑईल पुली फिरताना चारी बाजूंना उडतं, फॅन बेल्टही ओला होतो.

८. चेंबरचं पॅकिंग आणि ड्रेन बोल्टचा वॉशर.

९. मागचं क्रँक सील. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडतात. यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून खर्च मोठा. त्याआधी वरची आठही ठिकाणं तपासली गेली आहेत याची खात्री करा, कारण टॅपेट कव्हरचं ऑईलही मागून ओघळत बरोबर याच जागी येतं. थेंब गिअर ऑईलचा आहे का, हेही वासावरून बघा. गिअरबॉक्स उतरवलाच तर क्लच प्लेट आणि क्लच बेअरिंग त्याच वेळी बघून घ्या, मजुरी दोनदा पडत नाही.

सील बदललं तरी पुन्हा गळतं? ब्रीदर बघा

पिस्टनच्या बाजूने थोडी हवा खाली उतरतेच, ती ब्रीदरमधून बाहेर पडते. ब्रीदर काजळीने तुंबला तर आत दाब वाढतो आणि ऑईल प्रत्येक कमजोर सीलमधून बाहेर ढकललं जातं. अशा वेळी कितीही सील बदला, उपयोग नाही. आधी ब्रीदरचा पाईप काढून साफ करा.

ब्रीदर साफ असूनही त्यातून वाफेच्या इंजिनासारखा धूर भक भक येत असेल, तर त्याला गॅरेजच्या भाषेत ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. म्हणजे रिंगा किंवा बोअर झिजले आहेत. थोडा धूर जुन्या गाडीत असतोच. पण जोर मोठा असेल, सकाळी गाडी उशिरा स्टार्ट होत असेल, चढावर दम नसेल आणि ऑईलही खात असेल, तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. चारही सिलिंडरचे आकडे कागदावर मागा. एकच सिलिंडर कमी असेल तर दोष व्हॉल्व्ह, हेड पॅकिंग किंवा त्याच पिस्टनचा. चारही सारखेच कमी असतील तर झीज सगळीकडे आहे.

खाली डाग नाही, तरी ऑईल कमी होतं

मग ते आत जळतंय. सायलेन्सरचा धूर निळसर असेल तर ऑईल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आधी एअर फिल्टर बघा. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला येऊन गेला तर काळजी नाही. गरम झाल्यावरही येत राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जातंय.

निळा धूर कधी येतो तेही बघा. रात्रभर उभी राहून सकाळी स्टार्ट करताना एकदाच येतो तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय. चढावर, लोड घेताना सतत येतो तर रिंगा. टर्बो गाडीत हवेच्या पाईपमध्ये ऑईलचा हलका थर असतो, तो चालतो. पण पाईपमध्ये ऑईल साठलेलं असेल तर टर्बो तपासा.

हे गंभीर का, तर टर्बोतून जाणारं ऑईलच इंजिन इंधन म्हणून जाळू लागलं की इंजिन आपोआप रेस होत जातं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. असं कधी झालं तर गाडी सर्वात वरच्या गिअरमध्ये टाका, ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि क्लच सोडा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडेल. हवेच्या पाईपवर हात ठेवायला जाऊ नका.

ऑईल वाढलं तर खुश होऊ नका

डिपस्टिकवर पातळी आपोआप वर गेली तर ऑईलमध्ये काहीतरी मिसळलं आहे. वास डिझेलचा आणि ऑईल पाण्यासारखं पातळ असेल तर नोझल गळतंय किंवा डिझेल पंपाचं सील गेलं आहे. ऑईल दुधाळ, कॉफीसारखं झालं असेल तर पाणी शिरलं आहे: हेड पॅकिंग, ऑईल कूलर किंवा तडकलेलं हेड. झाकणाच्या आत थोडी पांढरी साय मात्र पावसाळ्यात, कमी अंतर चालणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही येते. म्हणून काडी बघून निर्णय घ्या. दोन्ही प्रकारात गाडी चालवणं बंद. पातळ किंवा दुधाळ ऑईल बेअरिंग सांभाळत नाही.

आवाज ऐकायचा कसा

आवाजाबद्दल उस्तादला ‘घरघर येतेय’ एवढंच सांगून भागत नाही. तीन प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा. कुठून येतो: वरून, खालून, पुढून की मागून? कधी येतो: थंड असताना, गरम झाल्यावर, लोडवर, क्लच दाबल्यावर? आणि रेस वाढवली की तोही त्याच प्रमाणात वाढतो का?

जागा शोधायला लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक इंजिनाच्या भागावर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावा. लाकडी दांडाही चालतो. फॅन आणि बेल्टपासून लांब राहून एकेका भागावर ऐका. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा, कारण गॅरेजमध्ये पोचेपर्यंत इंजिन गरम होतं आणि सकाळचा आवाज गायब होतो.

आधी एवढं समजून घ्या की जुन्या डिझेलचा मूळ आवाज खडखडीतच असतो. छोटा हत्तीसारख्या दोन सिलिंडरच्या इंजिनाची थरथर चार सिलिंडरपेक्षा जास्त असणारच. आपल्याला शोधायचा आहे तो बदल.

कोणता आवाज कशाचा

*वरून बारीक टिक टिक, रेसबरोबर वाढणारी:* टॅपेट. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून हा आवाज इंजिनाच्या वेगापेक्षा संथ वाटतो. टॅपेट सेटिंग फिलर गेजने, गाडीच्या बुकात दिलेल्या मापाने करून घ्या. आवाज बंद व्हावा म्हणून फार घट्ट केले तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. काही इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट असतात, त्यांना सेटिंग नसतं. तिथे आवाज आला तर आधी ऑईलची पातळी आणि दाब बघा.

*सकाळी खट खट, गरम झाल्यावर बंद:* पिस्टन बोअरमध्ये थोडा सैल. गाडी चालू शकते, पण वाढतंय का याच्यावर लक्ष ठेवा.

*कडक, धातूवर हातोडी मारल्यासारखा ठोका:* नोझल बिघडलेलं किंवा पंपाचं टायमिंग पुढे गेलेलं. सोबत काळा धूरही असतो.

*‘चफ चफ’, आणि नोझलच्या बुडाशी काळी काजळी:* नोझलखालचा तांब्याचा वॉशर गेला आहे. वॉशर स्वस्त आहे. उशीर केला तर काजळीने नोझल तिथेच पक्कं बसतं आणि काढताना हेडपर्यंत काम जातं.

*‘फट् फट्’, थंड असताना जास्त:* सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचं पॅकिंग. सांध्यावर काळा डाग दिसतो. हा धूर केबिनमध्ये येऊ देऊ नका.

*पुढून किंचाळी, स्टार्ट करताना किंवा पावसात:* फॅन बेल्ट सैल किंवा ऑईल लागलेला.

*पुढून घरघर:* डायनामो, वॉटर पंप किंवा टेन्शनरचं बेअरिंग. इंजिन बंद करून फॅन बेल्ट उतरवा आणि जेमतेम अर्धा मिनिट चालू करून ऐका. आवाज गेला तर दोष बेल्टवर चालणाऱ्या भागात. बेल्टशिवाय गाडी हलवू नका, कूलिंग बंद असतं आणि व्हॅक्यूम पंप फिरत नसल्यामुळे ब्रेकही कडक होतो.

*मागून, क्लचशी संबंध असलेला:* न्यूट्रलमध्ये उभे असताना क्लच दाबल्यावर आवाज येतो तर क्लच बेअरिंग. क्लच दाबल्यावर आवाज जातो आणि सोडल्यावर येतो तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, आणि गिअरबॉक्सचा दोष इंजिनावर जाण्यापासून वाचवते.

*बंद-चालू करताना धडक, पूर्ण केबिन हलते:* इंजिनच्या फाउंडेशनचं रबर.

*टर्बोची शिट्टी मोठी झाली:* हवेचा पाईप फाटला किंवा क्लॅम्प सैल. खरडल्यासारखा आवाज असेल तर टर्बोचा शाफ्ट. गाडी चालवू नका.

*खालून खोल, जड ठोका, गरम झाल्यावर आणि लोडवर वाढणारा:* हा आवाज सर्वात धोक्याचा आहे. कनेक्टिंगचं किंवा मेन बेअरिंग. सोबत ऑईलचा दिवा लुकलुकत असेल तर शंका राहत नाही.

नोझल की बेअरिंग? मोठा खर्च इथेच ठरतो

नोझलचा ठोका आणि कनेक्टिंग बेअरिंगचा ठोका, दोन्ही त्या-त्या सिलिंडरला डिझेल बंद केलं की कमी होतात. त्यामुळे नुसतं ‘दोन नंबर बंद केला की आवाज जातो’ यावरून इंजिन खोलायला होकार देऊ नका.

जुन्या, साध्या डिझेल पंपाच्या गाडीत उस्तादला नोझलांची अदलाबदल करायला सांगा. दोन नंबरचं तीनला, तीनचं दोनला, नवे वॉशर लावून. ठोका तीन नंबरवर गेला तर नोझल खराब. दोन नंबरवरच राहिला तर दोष आत, पिस्टन किंवा बेअरिंगमध्ये. कॉमन रेल गाडीत हा प्रयोग करायचा नाही, पाईपही सैल करायचा नाही. तिथे स्कॅनर लावून एकेक नोझल बंद करून बघता येतं.

दुसरा पुरावा ऑईलमध्ये मिळतो. ऑईल स्वच्छ पांढऱ्या कापडातून गाळा आणि फिल्टर कापून आतला कागद उलगडा. चकचकीत रुपेरी किंवा तांबूस कण दिसले तर बेअरिंग झिजलं आहे. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडी, न चिकटणारे बहुधा बेअरिंगचे.

तिसरा पुरावा दाबाचा. ऑईल स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावून गरम इंजिनाचा दाब आयडलवर आणि रेसवर मोजा, आणि त्या मॉडेलच्या बुकातल्या आकड्याशी ताडून बघा. दाब चांगला असेल तर नुसता दिवा लागणं हा स्विचचा किंवा वायरचा दोष असतो.

लाल दिवा लागला तर

चालत्या गाडीत ऑईलचा लाल दिवा लागला, तर पेट्रोल पंप किंवा घर जवळ आहे म्हणून पुढे जाऊ नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, दहा मिनिटांनी काडी बघा. ऑईल कमी असेल तर भरा आणि दिवा विझतो का ते बघा. ऑईल पुरेसं असून दिवा तसाच असेल तर गाडी टो करून न्या. टो करायचा खर्च क्रँक ग्राइंडिंगच्या खर्चापुढे काहीच नाही.

थोडक्यात असं लक्षात ठेवा.

- तिथेच थांबा: लाल दिवा, खालून जड ठोका, दुधाळ ऑईल, ब्रेक ऑईलची गळती, डिझेलची गळती, गरम सायलेन्सरवर पडणारं ऑईल.
- याच आठवड्यात दाखवा: व्हॅक्यूम पंपाचा पाईप, नोझलचा वॉशर, बेल्टचं बेअरिंग, हबचं सील. हबचं सील गेलेलं असेल तर दुरुस्तीपर्यंत माल भरू नका.
- लक्ष ठेवून चालवा: चेंबर किंवा टॅपेट कव्हरचा हलका ओलावा, थंडीतली खट खट, रोज काडी बघून.

उस्तादशी बोलताना

आदराने बोला, पण स्पष्ट बोला. “चाचा, इंजिन खोलण्याआधी कॉम्प्रेशन आणि ऑईलचा दाब मोजू या,” असं म्हणण्यात कुणाचा अपमान नाही. चांगला उस्ताद स्वतःच ते करतो. कामाची यादी आणि अंदाजे खर्च कागदावर घ्या. बदललेले जुने पार्ट परत मागा. ‘हाफ इंजिन’ म्हणजे नेमकं काय काय बदलणार, क्रँक मापून बघणार का, हे आधी ठरवा. झिजलेल्या क्रँकवर नवं बेअरिंग टाकलं तर काही महिन्यांत तोच ठोका परत येतो.

आवाज दाबायला जास्त घट्ट ऑईल किंवा बाटलीतलं औषध टाकायचा सल्ला मिळतो. त्याने आवाज काही दिवस कमी होतो, झीज थांबत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या डिझेल पिकअपना १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑईल चालतं, तरी आपल्या गाडीचं बुक बघूनच ठरवा.

सेकंड हँड पिकअप घेताना

विकणाऱ्याला सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी स्टार्ट करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. खरा आवाज आणि खरा धूर थंड इंजिनच दाखवतं. इंजिन नुकतंच धुतलेलं, चकाचक असेल तर गळती लपवली असू शकते. म्हणून वीस-पंचवीस किलोमीटर, शक्य तर थोडा माल भरून चालवा आणि परत आल्यावर खाली पुठ्ठा टाकून चहा घ्या. ब्रीदर, काडी, रेडिएटरचं पाणी बघा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करावं लागतं, तेव्हा त्याची तारीख आणि पीयूसी दोन्ही तपासा.

घरच्या घरी एक वही

डॅशबोर्डमध्ये छोटी वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काडीवरची पातळी, किती ऑईल टाकलं, कोणता आवाज कधी आला. आठवड्यातून एक ओळ पुरते. तीन महिन्यांनी वही उघडली की ‘गाडी ऑईल खाते’ या मोघम तक्रारीच्या जागी ‘हजार किलोमीटरला अर्धा लिटर, गेल्या महिन्यापासून’ असं नेमकं उत्तर मिळतं. रमजानमध्ये फळांचा धंदा किंवा लग्नसराईत मंडपाच्या फेऱ्या सुरू होण्याआधी ही वही घेऊन उस्तादकडे एक चक्कर मारा. सीझनमध्ये बंद पडलेल्या गाडीचा एक दिवस फार महाग पडतो.

आणि काढलेलं जुनं ऑईल गटारात, नाल्यात किंवा मोकळ्या जागेत ओतू नका. कायद्याने ते धोकादायक कचऱ्यात मोडतं आणि विहिरीचं पाणीही खराब करतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, ज्या गॅरेजमधून ते अधिकृत रिसायकलरकडे जातं तिथे द्या. रस्त्यावर सांडलेलं ऑईल दिसलं तर त्यावर माती किंवा लाकडाचा भुसा टाका. पहिल्या पावसात अशाच डागावरून कुणाची तरी दुचाकी घसरते.